गाठ कोणत्या पेशीची?

स्वादुपिंडात गाठ आहे, एवढं कानावर पडलं की पुढचं काही ऐकू येत नाही. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर थांबलेला मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारतो, ‘साधी गाठ आहे ना, डॉक्टर? की...’ आणि वाक्य तिथंच सोडून देतो. ही भीती उगाच नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ॲडिनोकार्सिनोमा या एकाच जातीचे असतात. ही जात उशिरा कळते, लवकर पसरते आणि औषधांना फारशी दाद देत नाही. मनोहर पर्रीकर मार्च २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्याच कर्करोगाने गेले. त्यांच्या आजारपणाच्या बातम्या वाचता वाचता गोव्यात आणि महाराष्ट्रात अनेकांनी या अवयवाचं नाव पहिल्यांदा नीट ऐकलं.

पण स्वादुपिंडात सापडलेली गाठ स्वादुपिंडाच्याच पेशींची असेल असं नाही. पाचकरस करणाऱ्या पेशी, तो रस वाहून नेणाऱ्या नळ्या आणि इन्शुलिन बनवणारी पेशींची बेटं यांच्या सोबतीला तिथं रक्तवाहिन्या असतात, जोडणाऱ्या पेशी असतात आणि मज्जातंतूही असतात. या मज्जातंतूंच्या आवरणातून क्वचित एक गाठ वाढते. तिचं नाव श्वॉनोमा. ती सौम्य असते, म्हणजे आजूबाजूच्या अवयवांत घुसत नाही, यकृतात किंवा फुप्फुसांत पोचत नाही. हात, मान, पाठीचा कणा किंवा कानाची नस इथं ती डॉक्टरांच्या परिचयाची आहे. स्वादुपिंडात मात्र इतकी दुर्मीळ की इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेली उदाहरणं शंभराच्या आसपास भरतात. पोटाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या कित्येक सर्जनांना ती आख्ख्या कारकिर्दीत भेटत नाही.

ती ओळखायला लागणारी साधनं आज मोठ्या शहरांत उपलब्ध आहेत. अडतं ते दोन ठिकाणी. तिचं नाव वेळेवर कुणाच्या मनात येत नाही, आणि सुईतून जो नमुना निघतो तो पुरेसा नसतो. त्यामुळे तिची खरी ओळख पुष्कळदा अवयवाचा मोठा भाग कापून काढल्यावर पटते.

आवरणाची पेशी

मज्जातंतूभोवती पेशींचं एक वेष्टन असतं. जाड, वेगाने संदेश नेणाऱ्या तंतूंवर या पेशी स्वतःला पुन्हा पुन्हा गुंडाळून मायलिनचा थर तयार करतात. पोटातल्या अवयवांकडे जाणारे स्वायत्त यंत्रणेचे तंतू बहुतेक बारीक असतात. तिथं मायलिन नसतं, तर एकच पेशी अनेक तंतूंना आपल्या अंगात धरून ठेवते. थिओडोर श्वॉन या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ साली आपल्या ग्रंथात या पेशींचं वर्णन केलं म्हणून त्या श्वॉन पेशी. प्राण्यांचं शरीर पेशींचंच बनलेलं आहे हा सिद्धांत मांडणारा ग्रंथ तोच. त्याआधी, १८३६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याने जठरातलं पेप्सिन शोधून काढलं होतं.

स्वादुपिंडाला तंतू येतात दोन बाजूंनी: व्हेगस नावाच्या लांबलचक नसेकडून, आणि महाधमनीच्या पुढे पसरलेल्या सीलिॲक जाळ्याकडून. त्यांच्यावरच्या एखाद्या श्वॉन पेशीत वाढीला आवर घालणारं जनुक निकामी झालं की ती पेशी विभागत राहते. हे जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर असतं, मर्लिन नावाचं प्रथिन बनवतं आणि १९९३ मध्ये ओळखलं गेलं. एखाद्या कुटुंबात हा दोष जन्मतःच असतो आणि तिथं दोन्ही कानांच्या नसांवर श्वॉनोमा वाढतात. पण स्वादुपिंडातल्या बहुतेक रुग्णांच्या घराण्यात असं काही नसतं. एका पेशीत, एका माणसात, आयुष्यात केव्हातरी हा बिघाड झालेला असतो.

चित्रांतून जे दिसतं आणि जे दिसत नाही

समजा, पंचावन्न वर्षांची एक बाई आहे. वरच्या पोटात अधूनमधून दुखतं, पाठीत कळ जाते. ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन झाल्या. भूक ठीक आहे, वजन थोडं उतरलंय. सोनोग्राफीत पित्ताशय स्वच्छ निघतं, पण स्वादुपिंडाच्या शिराजवळ चार-पाच सेंटिमीटरची गाठ दिसते. आजवर नोंदलेल्या रुग्णांचं चित्र बरंचसं असंच आहे. सरासरी वय पंचावन्नच्या आसपास, स्त्री-पुरुषांत फारसा फरक नाही, गाठ शिरात असण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के. पोटदुखी ही सर्वांत नेहमीची तक्रार. अनेकांना तर कसलाच त्रास नसतो. मूतखडा किंवा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये गाठ अवचित सापडते. काविळीने सुरुवात होणारे थोडेच.

पुढची पायरी सीटी स्कॅन. स्वादुपिंडासाठी तो ठरावीक वेळा साधून करावा लागतो. शिरेतून आयोडीनचं औषध दिल्यावर साधारण ४० ते ४५ सेकंदांनी ग्रंथी सर्वांत उजळ दिसते, सत्तराव्या सेकंदाच्या सुमाराला यकृत आणि त्याकडे जाणाऱ्या शिरा. ॲडिनोकार्सिनोमाच्या गाठीत तंतुमय ऊतक फार आणि रक्तपुरवठा कमी, म्हणून उजळ ग्रंथीत ती काळपट डागासारखी राहते, कडा पुसट. इन्शुलिनसारखी संप्रेरकं करणाऱ्या पेशींपासून वाढणारी न्यूरोएंडोक्राइन गाठ याच्या उलट, पहिल्याच टप्प्यात लख्ख उजळते.

श्वॉनोमा यांपैकी कुठल्याच साच्यात ठामपणे बसत नाही. त्याचं कारण गाठीच्या आतच आहे. निल्स अँटोनी या स्वीडिश मेंदूविकारतज्ज्ञाने १९२० मध्ये दाखवून दिलं की या गाठीत दोन तऱ्हांचे भाग असतात. एकात पेशी दाट, एकमेकींना लागून. दुसऱ्यात पेशी विरळ आणि मधे पाणीदार, चिकट द्रव. त्यांना आजही अँटोनी-ए आणि अँटोनी-बी म्हणतात. दाट भागात रक्तवाहिन्या असल्याने तो स्कॅनवर हळूहळू उजळत जातो. विरळ भाग काळा राहतो. कालांतराने विरळ भागात रक्तस्राव होतो, पोकळ्या पडतात, कधी चुना साचतो. नोंदलेल्या गाठींपैकी जवळजवळ दोन-तृतीयांशांत अशी पडझड दिसली आहे.

म्हणून एकच गाठ तीन रेडिओलॉजिस्टांना तीन तऱ्हांनी दिसू शकते. दाट भाग जास्त असेल तर अहवालात न्यूरोएंडोक्राइन गाठीची शंका येते. पोकळी मोठी असेल आणि रुग्ण मध्यमवयीन स्त्री असेल तर श्लेष्मा भरलेल्या सिस्टिक गाठीची, जिच्यात पुढे कर्करोग होऊ शकतो. तरुण मुलीत घन आणि पोकळ भाग मिसळलेली, आत रक्त साचलेली गाठ दिसली तर सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठ हे नाव आधी सुचतं आणि ते सुचणं बरोबरही असतं, कारण त्या वयात तीच अधिक आढळते. आधी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर ही त्या सुजेनंतर राहिलेली पाण्याची पिशवी असावी, असंही वाटू शकतं.

तरीही काही खुणा आहेत, आणि नीट पाहणाऱ्याला त्या मदत करतात. श्वॉनोमाला आवरण असतं, म्हणून कडा स्वच्छ आणि गोलाई नेटकी. ती शेजारच्या रक्तवाहिन्यांना बाजूला ढकलते, सहसा वेढत नाही. सर्वांत बोलकी खूण नळीची. शिरात पाच सेंटिमीटरचा ॲडिनोकार्सिनोमा असेल तर बहुधा स्वादुपिंडाची नळी मागे फुगलेली असते, पित्तनळीही तुंबते आणि माणूस पिवळा पडतो. इतकी मोठी गाठ असूनही दोन्ही नळ्या शांत असतील, तर त्या गाठीचा उगम नळीच्या अस्तरात नसावा, असा विचार करायला जागा आहे. माझ्या मते अहवालात हे वाक्य स्पष्ट लिहिलं गेलं पाहिजे. ‘नळी फुगलेली नाही’ एवढं सगळेच लिहितात. गाठीच्या आकाराच्या मानाने हे लक्षात घेण्याजोगं आहे, हे क्वचित लिहिलं जातं.

एमआरआय या खुणांना थोडं बळ देतो. एका प्रकारच्या चित्रात गाठ गडद, दुसऱ्यात उजळ, आणि आवरणाची रेघ सुटी दिसते. नळ्यांचा नकाशाही त्यातच मिळतो. पेट स्कॅनबद्दल मात्र सावध राहायला हवं. किरणोत्सारी साखर शोषून उजळलेली गाठ म्हणजे कर्करोग, हा समज पक्का रुजला आहे. श्वॉनोमा सौम्य असूनही ही साखर भरपूर ओढून घेऊ शकते, त्यामुळे पेटवर गाठ चमकली एवढ्यावरून निकाल देता येत नाही. गॅलियम वापरून होणारा डोटाटेट स्कॅन वेगळ्या कामाचा. न्यूरोएंडोक्राइन गाठ त्यात बहुधा उजळते, म्हणून त्या शंकेचं निरसन करायला तो उपयोगी पडतो.

रक्तातल्या सीए १९-९ या तपासणीवर घरच्यांचा फार जीव असतो. श्वॉनोमात ती सहसा नॉर्मल येते. पण कर्करोगातही ती नॉर्मल येऊ शकते. सुमारे ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात रक्तगटाशी निगडित एका कारणामुळे हा पदार्थ बनतच नाही. उलट पित्तनळी साध्या खड्याने तुंबली तरी आकडा चढतो. त्या आकड्यावरून ना दिलासा घ्यावा, ना हाय खावी.

जठराच्या भिंतीपलीकडे

स्वादुपिंड पोटाच्या मागच्या भिंतीला, मणक्यांच्या पुढे आडवं पडलेलं असतं. समोर जठर, उजवीकडे ग्रहणीचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा विळखा, मागून महाधमनी. बाहेरून सुई घालायची तर वाटेत आतडी येतात. म्हणून नमुना आतून घेतात. त्या तपासणीला एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड म्हणतात, बोलताना नुसतं ‘ईयूएस’. या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो. डेन्मार्कमधल्या पीटर विल्मान यांनी १९९२ मध्ये अशा दुर्बिणीतून स्वादुपिंडातल्या गाठीत सुई घालून नमुना काढला. तेव्हापासून या अवयवाच्या निदानाची पद्धतच बदलली.

रुग्ण डाव्या कुशीवर झोपलेला असतो, गुंगीत. दुर्बीण घशातून जठरात उतरते. जठरातून स्वादुपिंडाचं शरीर आणि शेपूट दिसतं, शीर पाहायला ग्रहणीत जावं लागतं. मधे फक्त काही मिलिमीटरची भिंत असल्याने पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत जे धूसर असतं ते इथं स्वच्छ येतं. आपल्या बाईंच्या पडद्यावर एक गोल, काळसर गाठ उमटते, तिच्याभोवती पातळ उजळ कडा, आत दोन-तीन काळ्या पोकळ्या. डॉक्टर डॉपलर लावून सुईच्या वाटेत रक्तवाहिनी नाही ना, हे बघतात. मग दुर्बिणीतून सुई पुढे सरकते, भिंत ओलांडते, आणि पडद्यावर एक तेजस्वी रेघ गाठीत शिरताना दिसते. सुई गाठीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत मागेपुढे हलवली जाते. अनुभवी हात पोकळी टाळून दाट भागातच सुई फिरवतो, कारण पोकळीत मिळतं ते पाणी आणि जुनं रक्त.

सुई घालण्याआधी दोन प्रश्न विचारायलाच हवेत. गाठीत रक्तपुरवठा फार आहे का, आणि ती खरोखर स्वादुपिंडातली आहे की मागून त्याला चिकटलेली? स्वादुपिंडाच्या मागे पॅरागँग्लिओमा नावाची गाठही वाढते आणि ती ॲड्रिनॅलिनच्या जातीची रसायनं सोडू शकते. तिला सुई टोचली तर रक्तदाब धोकादायक पातळीवर उसळतो. ज्याला दरदरून घाम, धडधड आणि रक्तदाबाचे झटके येतात, त्याच्या रक्तातली, या रसायनांपासून बनणारी मेटानेफ्रिन्स आधी तपासावीत. एका रक्ततपासणीने टळणारा हा धोका आहे.

नमुना मिळाला तरी तिढा सुटत नाही. जुन्या पद्धतीच्या बारीक सुईतून सुट्या पेशी येतात. ॲडिनोकार्सिनोमासाठी तेवढं चालतं, कारण त्याच्या पेशी सहज सुटतात आणि एकेकटी पेशीही बिघडलेली दिसते. श्वॉनोमाच्या पेशी लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि एकमेकींत घट्ट गुंतलेल्या. सुईत त्या कमी येतात, येतात तेव्हा गुंताड्यासारख्या. काचेवर पसरल्या की कळतं एवढंच की लांबट पेशी आहेत. लांबट पेशी तर डझनभर गाठींत असतात. मग अहवाल येतो, ‘नमुना अपुरा’ किंवा ‘स्पिंडल पेशींची गाठ, अधिक तपासणी करावी’. छापून आलेल्या जुन्या उदाहरणांत शस्त्रक्रियेआधी अचूक निदान थोड्याच रुग्णांचं झालेलं दिसतं, त्याचं मोठं कारण हेच.

गेल्या काही वर्षांत टोकाला खास धार दिलेल्या बायॉप्सीच्या सुया आल्या. २२ गेजची सुई, बाहेरून पाऊण मिलिमीटरहूनही बारीक, पण तिच्यातून ऊतकाचा अखंड धागा निघतो. पेशी एकमेकींशेजारी कशा मांडलेल्या आहेत, हे त्या धाग्यात टिकतं. श्वॉनोमाचं निदान या मांडणीवरच तर उभं आहे. म्हणून गाठ गोल, आवरण स्वच्छ आणि नळी न फुगलेली, अशी असेल तर बायॉप्सीची सुईच वापरावी आणि नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकून मेणाचा ब्लॉक बनवायला पाठवावा, असं मला ठामपणे वाटतं. नुसत्या पसरलेल्या काचा पाठवून पॅथॉलॉजिस्टकडून श्वॉनोमाचं नाव काढून घेण्याची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली

फॉर्मॅलिनमधला तो धागा मेणात बसवतात, मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि रंग देतात. निळा-जांभळा रंग हिमॅटॉक्सिलिनचा. मुळात तो मेक्सिकोतल्या कांपेचे भागातल्या एका झाडाच्या गाभ्यातून मिळतो. तो पेशींची केंद्रकं रंगवतो, इओसिन बाकीचं गुलाबी करतो.

कमी शक्तीच्या भिंगातून पाहिलं तर गर्द आणि फिके पट्टे एकाआड एक दिसतात: अँटोनी-ए, अँटोनी-बी. गर्द भागावर भिंग वाढवलं की लांबट पेशींच्या जुड्या वळत जाताना दिसतात. मग एखाद्या जागी नजर थबकते. तिथं केंद्रकं समोरासमोर दोन रांगांत उभी असतात आणि मधल्या गुलाबी पट्ट्यात एकही केंद्रक नसतं. पंगतीत समोरासमोर बसलेली माणसं आणि मधे वाढप्यांसाठी मोकळी सोडलेली वाट, तसं हे दृश्य असतं. उरुग्वेत जन्मलेले आणि प्रागमध्ये काम करणारे होसे व्हेरोकाय यांनी १९१० मध्ये या रचनेचं वर्णन केलं. आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. मज्जातंतूंवरच्या गाठींत श्वॉनोमा ही एक वेगळी जात आहे, हे त्यांनीच लक्षात आणून दिलं. व्हेरोकाय रचना स्पष्ट दिसली की पॅथॉलॉजिस्टच्या मनात श्वॉनोमाचं नाव पक्कं होऊ लागतं. पण बायॉप्सीच्या बारीक धाग्यात ती सापडेलच असं नाही.

म्हणून प्रतिपिंडांचा आधार घेतात. एखाद्या ठरावीक प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड कापावर सोडतात. ते जिथं चिकटतं तिथं तपकिरी रंग उमटतो. श्वॉन पेशींसाठी त्यातलं सर्वांत जुनं आणि भरवशाचं एस-१००. ब्लेक मूर यांनी १९६५ मध्ये मेंदूतून हे प्रथिन वेगळं काढलं. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेलंच राहतं, म्हणून हे नाव. श्वॉनोमात बहुतेक सर्व पेशी, केंद्रकासकट, गडद तपकिरी होतात. सोबत सॉक्स-१० लावलं तर फक्त केंद्रकं रंगतात, आणि दोन्ही जोरकस आली की शंका फार उरत नाही.

याच वेळी काय रंगलं नाही, हेही पाहावं लागतं. सीडी-११७ आणि डॉग-१ रंगली तर गाठ जिस्ट, म्हणजे पचनमार्गाच्या भिंतीतली वेगळी गाठ. ती ग्रहणीतून वाढून स्वादुपिंडाला चिकटू शकते आणि तिचा उपचार गोळ्यांनीही होतो. डेस्मिन रंगलं तर स्नायूंची गाठ. स्टॅट-६ केंद्रकात रंगलं तर सॉलिटरी फायब्रस गाठ. सिनॅप्टोफायझिन आणि क्रोमोग्रॅनिन रंगली तर न्यूरोएंडोक्राइन. मेलॅनोमाही एस-१०० आणि सॉक्स-१० दोन्ही दाखवतो, आणि तो शरीरातून कुठेही पसरू शकतो. म्हणून रुग्णाच्या अंगावरचा काढलेला तीळ किंवा डोळ्याची जुनी शस्त्रक्रिया याबद्दल विचारणं भाग आहे.

जुने अहवाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जिस्टमधला कीट जनुकाचा बिघाड ओसाकातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवला. त्याआधी पचनमार्गाजवळच्या लांबट पेशींच्या गाठींना पुष्कळदा अंदाजाने नाव दिलं जाई, कुणी स्नायूंची गाठ म्हणे, कुणी मज्जातंतूंची. त्या काळातलं ‘श्वॉनोमा’ हे निदान आज पुन्हा रंग देऊन तपासल्याशिवाय धरून चालता येत नाही.

गाठ जुनी असेल तर एक सापळा असतो. वर्षानुवर्षं पडझड होत आलेल्या श्वॉनोमात काही केंद्रकं मोठी, वेडीवाकडी, काळीभोर दिसतात. कर्करोगातही अशीच दिसतात. पण इथं पेशी विभागताना दिसत नाहीत, मृत पेशींचे पट्टे नसतात, आणि विभाजनाचा वेग सांगणारी केआय-६७ ही तपासणी अगदी कमी येते. लॉरेन ॲकरमन यांनी १९५१ मध्ये या रूपाकडे लक्ष वेधलं आणि त्याला ‘प्राचीन’ श्वॉनोमा म्हटलं जाऊ लागलं. मज्जातंतूंच्या आवरणाची खरोखर घातक गाठही असते. तिच्यात एस-१०० फिकं आणि तुरळक रंगतं किंवा रंगतच नाही, विभाजन भरपूर असतं. स्वादुपिंडात अशी उदाहरणं मोजकीच आहेत, पण आहेत. त्वचेवर कॉफीच्या रंगाचे डाग आणि मऊ गाठी असलेल्या, म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ असलेल्या रुग्णात ही शक्यता आधी धरावी.

नाव कळल्याने काय बदलतं

पुष्कळ बदलतं. शिरातल्या गाठीवर कर्करोग समजून शस्त्रक्रिया केली तर ती व्हिपल पद्धतीची. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये तिची पद्धत प्रसिद्ध केली. स्वादुपिंडाचं शीर, ग्रहणी, पित्ताशय, पित्तनळीचा भाग आणि कधी जठराचाही काही भाग निघतो, मग उरलेल्या टोकांचे तीन जोड आतड्याला द्यावे लागतात. चांगल्या केंद्रांत मृत्यूचं प्रमाण आता पाच टक्क्यांच्या आत आलं आहे, पण गुंतागुंत पुष्कळ होते, बरं व्हायला महिने लागतात, काहींना मधुमेह जडतो, जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. शेपटाकडची गाठ काढताना बऱ्याचदा प्लीहा जाते आणि मग न्यूमोकॉकससारख्या जंतूंविरुद्ध लसी घेणं आवश्यक होतं. कर्करोगासाठी हे सगळं सोसण्यात अर्थ आहे. आपल्या बाईंच्या गाठीचं नाव आधीच श्वॉनोमा असं कळलं, तर सर्जन आवरणासकट फक्त गाठ सोलून काढू शकतो आणि बाकीची ग्रंथी राखू शकतो. त्यातही पाचकरस झिरपण्याचा धोका असतो, आणि गाठ मुख्य नळीला खेटून असेल तर सोलणं जमतही नाही. पण अवयव वाचतो. पूर्ण निघालेली सौम्य गाठ परत येण्याची शक्यता फार कमी.

गाठ लहान असेल, त्रास नसेल आणि बायॉप्सी निःसंशय असेल तर शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने एमआरआय करत राहणं हाही मार्ग आहे. ही गाठ संथ वाढते. साठी ओलांडलेल्या, हृदयविकार असलेल्या माणसासाठी मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. त्याला नियमाचा आधार नाही, कारण इतक्या थोड्या रुग्णांवरून सर्वांना लागू पडेल असा नियम बनत नाही. दर वेळी सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि रुग्ण यांनी एकत्र बसून ठरवावं लागतं.

शस्त्रक्रिया चालू असताना तुकडा गोठवून वीस-पंचवीस मिनिटांत तपासून घेण्याची सोय असते. पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. गोठवलेल्या कापात मांडणी बिघडते आणि प्रतिपिंडांचे रंग तेवढ्या वेळात देता येत नाहीत. पॅथॉलॉजिस्ट फोनवर ‘लांबट पेशी आहेत, सौम्य वाटतं, बाकी ब्लॉकवर’ एवढंच सांगू शकतो. त्या एका वाक्यावर सर्जनने व्हिपल थांबवायची की पुढे जायचं, हा निर्णय टेबलावर घेण्यापेक्षा तो आधीच्या आठवड्यात बायॉप्सीवर घेतलेला केव्हाही बरा.

दुर्मीळ गाठीच्या आशेवर कर्करोगाला वेळ देणं हीदेखील तेवढीच मोठी चूक. पुसट कडांची, नळी फुगवणारी, वजन झपाट्याने उतरवणारी गाठ सर्जनला काढता येण्याजोगी दिसत असेल, तर बायॉप्सीत काही सापडलं नाही म्हणून ती साधी ठरत नाही. अशा वेळी थांबू नये. अपुरा नमुना आणि सौम्य निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अहवालात नेमकं काय लिहिलं आहे ते डॉक्टरांकडून समजून घ्यायला संकोच करू नये.

दुसरं मत घ्यायला जाताना बहुतेक घरं सीटीच्या फिल्म्स आणि फाइल घेऊन जातात. फिल्म्सबरोबर स्कॅनची सीडीही मागून घ्यावी, कारण फिल्मवर छापलेली चित्रं निवडक असतात. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या प्रयोगशाळेत बायॉप्सी झाली तिथून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरून आलेल्या रुग्णांकडून स्लाइड आणि ब्लॉक मागवून ते पुन्हा तपासतात. ब्लॉक नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. पहिल्या अहवालात एस-१०० आणि सॉक्स-१० लावलेले नसतील, तर त्याच ब्लॉकमधून नवे काप काढून ते लावता येतात, आणि रुग्णाला दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही.